गरजेपुरता आधार

२०१५ साली जपानमधील रिकेन या संशोधनसंस्थेने रोबेअर नावाचा यंत्रमानव जगासमोर आणला. अस्वलाच्या पिल्लासारखे पांढरे तोंड, खाली चाकांचा पाया आणि पुढे केलेले दोन दणकट हात. त्या हातांवर एका व्यक्तीला अलगद उचलून घेतल्याचे छायाचित्र तेव्हा ठिकठिकाणी छापून आले आणि वृद्धांच्या शुश्रूषेत यंत्रमानव येणार म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे अजूनही तेच येते. त्यामागची निकड खोटी नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पलंगावरून व्हीलचेअरमध्ये घेणे हे शुश्रूषेतले सर्वांत अंगमेहनतीचे काम आहे. कर्मचाऱ्यांना ते दिवसातून सरासरी ४० वेळा करावे लागते असे रिकेननेच तेव्हा सांगितले होते, आणि या कामात वर्षे काढूनही ज्याची कंबर शाबूत आहे असा माणूस विरळाच. रोबेअर स्वतः मात्र १४० किलो वजनाचा होता आणि प्रायोगिक अवस्थेच्या पुढे तो गेला नाही.

मला त्या छायाचित्रात यंत्रापेक्षा त्याच्या हातांवरची व्यक्ती अधिक पाहाविशी वाटते. तिला काहीही करायचे नाही. पाय टेकवायचे नाहीत, हात धरायचा नाही, भार पुढे घ्यायचा नाही. ज्याला हे काहीच शक्य नाही त्याच्यासाठी असे यंत्र वरदान ठरेल, याबद्दल वाद नाही. परंतु वार्धक्यात पूर्णपणे हतबल असलेली माणसे थोडी असतात आणि अर्धीमुर्धी शक्ती उरलेली माणसे पुष्कळ असतात. या दुसऱ्या प्रकारच्या माणसाला पूर्ण उचलून घेणे म्हणजे त्याची उरलेली शक्तीही हळूहळू काढून घेणे होय. २००७ साली अमेरिकेत झालेल्या एका छोट्या अभ्यासात १२ निरोगी वृद्धांना १० दिवस केवळ अंथरुणात ठेवले गेले. त्यांना कोणताही आजार नव्हता, खाणेपिणे व्यवस्थित होते, तरीही त्या १० दिवसांत त्यांच्या पायांतील जवळपास एक किलो स्नायूभार घटला. घराघरांत मायेपोटी म्हटले जाणारे ‘तुम्ही बसा, मी आणून देते’ हे वाक्य ऐकले की मला हा आकडा आठवतो.

म्हणूनच शुश्रूषेसाठी किंवा पुनर्वसनासाठी बनवलेले कोणतेही यंत्र पाहताना मी एकच गोष्ट शोधते, आणि ती म्हणजे या यंत्राला मदत कमी करता येते का. पुनर्वसनाच्या क्षेत्रातील अभियंत्यांनी या प्रश्नावर गेली तीसेक वर्षे डोके खपवले आहे. वृद्धांच्या शुश्रूषेसाठी यंत्रे विकणाऱ्यांना मात्र तो फारसा पडलेला दिसत नाही.

तीसेक वर्षांपूर्वीचे यंत्र म्हणजे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये नेव्हिल होगन आणि एर्मानो इगो क्रेब्स यांनी घडवलेले ‘एमआयटी-मानुस’. पक्षाघाताने लुळा पडलेला हात एका आधारावर ठेवायचा, मूठ धरायची आणि समोरच्या पडद्यावरचा ठिपका नेमून दिलेल्या जागी न्यायचा. हात हलला तर यंत्र मुकाट्याने त्याच्यासोबत जाते, आणि अडला तर थोडा रेटा देते. यंत्राचा हात इतका हलका ठेवलेला असतो की रुग्णाच्या क्षीण हालचालीलाही तो अडथळा करत नाही. यंत्राची सारी करामत या नमते घेण्यात होती. कारखान्यातील यंत्रमानवाला नेमका उलटा धडा दिलेला असतो. वाटेत काहीही आले तरी ठरलेला मार्ग सोडायचा नाही, हा त्याचा गुण मानला जातो. आजारी हातासमोर तोच गुण दोष ठरतो.

चालण्याच्या बाबतीत हा दोष स्पष्ट दिसला. झ्युरिकमध्ये विकसित झालेल्या लोकोमॅट या यंत्रात रुग्णाला पट्ट्यांनी ट्रेडमिलच्या वर टांगले जाते आणि मांड्या व पोटऱ्यांना बांधलेले यांत्रिक पाय त्याचे पाय टाकतात. पूर्वी हेच काम दोन-तीन फिजिओथेरपिस्ट ट्रेडमिलशेजारी वाकून, घामाघूम होऊन करीत असत, त्यामुळे यंत्राचे स्वागत होणे साहजिक होते. परंतु सुरुवातीची यंत्रे पाय ठराविक वाटेनेच नेत, रुग्णाने जोर लावला काय आणि न लावला काय. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, पक्षाघातानंतर थोडेफार चालू शकणाऱ्या रुग्णांमध्ये, यंत्राने चालवलेल्यांपेक्षा थेरपिस्टने हाताने मदत केलेल्यांची प्रगती अधिक झाली. हाताने मदत करणारा माणूस नकळत हात सैल करतो, यंत्र करत नव्हते. याउलट, ज्यांना मुळीच चालता येत नाही आणि ज्यांच्या पक्षाघाताला तीन महिने झालेले नाहीत, अशांना फिजिओथेरपीच्या जोडीने यंत्राची मदत दिली तर ते स्वतंत्रपणे चालू लागण्याची शक्यता वाढते, असे अनेक चाचण्या एकत्र तपासून काढलेले निष्कर्ष सांगतात. या दोन गोष्टी एकमेकींना छेद देत नाहीत. जिथे काहीच नाही तिथे भरपूर आधार हवा. जिथे थोडे आहे तिथे त्या थोड्याला वाव हवा.

अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी याच्या मुळाशी जाऊन एक बाब दाखवून दिली, ती मला फार मानवी वाटते. चूक होत नाही असे लक्षात आले की आपली मज्जासंस्था आपोआप जोर कमी करते. यंत्र मदत करीत असेल तर ते श्रेय स्वतःच्या खात्यावर घेऊन ती स्वस्थ बसते. हा आळस रुग्णाच्या स्वभावाचा नसतो, शरीराचा काटकसरीचा हिशेब असतो. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा असा की यंत्राच्या आज्ञावलीतच थोडा विसराळूपणा घालायचा, म्हणजे काम नीट चालले असले तरी यंत्र आपला आधार सतत किंचित घटवत राहील आणि रुग्णाला त्याची जागा भरून काढावी लागेल. यंत्राने माणसाआधी अंग काढून घ्यायचे, अशी ही शर्यत आहे.

यंत्राविनाही हेच तत्त्व त्याआधी सिद्ध झाले होते. एडवर्ड टॉब यांनी मांडलेल्या उपचारपद्धतीत पक्षाघात झालेल्या माणसाचा धडधाकट हात जाड मोज्यात बांधून ठेवतात आणि त्याला दिवसभर अधू हातानेच कामे करायला लावतात. कारण आजाराच्या पहिल्या आठवड्यांत तो हात निकामी असतो, तेवढ्यात दुसऱ्या हाताने सगळे करण्याची सवय लागते, आणि पुढे हातात थोडी शक्ती परतली तरी माणूस तो वापरायचे विसरतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, २२२ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत दोन आठवड्यांच्या अशा उपचारांचा फायदा दिसून आला. धडधाकट हाताने केलेली मदतसुद्धा अधू हाताच्या मुळावर येऊ शकते, मग अहोरात्र तत्पर असलेल्या यंत्राची काय कथा!

अर्थात तत्त्व चांगले म्हणून यंत्र यशस्वी होतेच असे नाही. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एमआयटी-मानुसच्याच कुळातील यंत्राने हाताचे उपचार केलेल्यांची हातांची कार्यक्षमता नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा लक्षणीयरीत्या वाढली नाही. पडद्यावरचा ठिपका हलवण्यात तरबेज झालेल्या हाताला सदऱ्याची गुंडी लावता येईलच, याची हमी नसते.

माझ्या वडिलांच्या बाबतीत मी हे सगळे अगदी छोट्या प्रमाणात पाहिले. पक्षाघाताच्या सौम्य झटक्यानंतर त्यांना खुर्चीतून उठणे जड जाऊ लागले, तेव्हा बहिणीने मोटरवर वर होणारी खुर्ची घेण्याचा विचार मांडला. बटण दाबले की तिची बैठक मागून उचलली जाते, पुढे कलते आणि माणसाला जवळजवळ उभे करूनच थांबते. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, ‘घ्यायची तर घ्या, पण महिनाभर थांबा.’ त्यांनी घरातल्याच हाताच्या खुर्चीचे पाय लाकडी ठोकळ्यांवर चढवून बैठक उंच करून घेतली, आणि वडिलांना उठण्याची क्रिया तुकड्या-तुकड्याने शिकवली. ‘काका, आधी पुढे सरका, अगदी कडेला या. पाय गुडघ्यांच्या जरा मागे घ्या. आता वाका, अजून वाका, नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेले पाहिजे.’ पडण्याच्या भीतीने वृद्ध माणूस उठताना अंग मागे टाकतो, आणि भार मागे राहिला की कितीही जोर लावला तरी उठता येत नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हते. बाईंचा एक हात वडिलांच्या कमरेच्या पट्ट्यावर असे, पण तो ओढत नसे, नुसता टेकलेला असे. वडील दोनदा अर्ध्यावरून परत बसले. त्या काही बोलल्या नाहीत, हातही घट्ट केला नाही. पुढे ठोकळे एकेक करून निघाले. मोटरची खुर्ची हे सगळे एका गुणगुणाटात उरकते, आणि त्यात पुढे वाकण्याची गरजच उरत नाही.

त्या बाईंचे खरे कसब वाट पाहण्यात होते, आणि शुश्रूषेच्या रोजच्या धबडग्यात नेमकी याचीच वानवा असते. सदऱ्याच्या सहा गुंड्या थरथरत्या बोटांनी लावायला दहा मिनिटे लागतात. दुसऱ्याने लावायला अर्धे मिनिट. एका कर्मचाऱ्याकडे सकाळी आठ माणसांना तयार करण्याचे काम असेल तर तो गुंड्या लावून मोकळा होणार, आणि त्याला दोषही देता येणार नाही. यंत्राला मात्र घाई नसते, कंटाळा येत नाही, घरी कुणी वाट पाहत नसते. त्याची ही एवढी मोठी जमेची बाजू, पण तिचा उपयोग फार थोड्या ठिकाणी केलेला दिसतो. जपानमधील सेकॉम या कंपनीने २००२ साली बाजारात आणलेले ‘माय स्पून’ हे त्यातले एक. हात हलवू न शकणारा माणूस हनुवटीने किंवा शरीराचा जो भाग हलतो त्याने एक दांडी हलवतो, यंत्राचा हात हव्या त्या कप्प्यातला घास उचलून तोंडापुढे आणतो आणि तिथे थांबतो. घास कोणता आणि कधी, हे खाणारा ठरवतो. ज्यांना कधी दुसऱ्याच्या हाताने जेवावे लागले आहे त्यांना विचारा, भरवणाऱ्याचा वेग हा केवढा जाच असतो.

पारो नावाच्या यंत्राने तर मदतीची दिशाच उलटी केली. जपानमधील संशोधक ताकानोरी शिबाता यांनी घडवलेले हे सीलचे पांढरे, केसाळ पिल्लू, वजनाला पावणेतीन किलोंच्या आसपास. कुत्र्या-मांजरांची यंत्रे केली तर लोक त्यांची तुलना खऱ्या कुत्र्या-मांजरांशी करतात. सील मात्र कुणी पाळलेला नसतो, म्हणून तो निवडला. कुरवाळले की ते मान वळवते, आवाजाच्या दिशेने पाहते, पापण्या मिटते. त्याला विजेवर लावायची जोडणी लहान मुलाच्या चोखणीच्या आकाराची आहे. २००९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला वैद्यकीय उपकरणाचा दर्जा दिला. हे यंत्र कुणाला उचलत नाही, भरवत नाही, औषधाची आठवण करीत नाही. ते कुशीत पडून लाड करून घेते. ज्यांना दिवसभर लोक धुतात, पुसतात, भरवतात, त्या माणसांच्या हातात ते कुणाची तरी काळजी घेण्याचे काम देते. याला फसवणूक म्हणणारे आहेत आणि त्यांच्या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तरीही स्मृतिभ्रंश झालेल्या ज्या आजी त्याला झोपवण्यासाठी थोपटतात, त्यांच्या तळहातांना मिळालेले काम खोटे नसते. गुणगान मात्र बेतानेच करावे. ऑस्ट्रेलियात २८ संस्थांमधील ४१५ रहिवाशांवर केलेल्या चाचणीत हालणारा पारो, बंद करून ठेवलेला पारो आणि नेहमीची शुश्रूषा असे तीन गट होते. चालू पारोकडे लोक अधिक पाहत आणि त्याच्याशी अधिक बोलत, नेहमीच्या शुश्रूषेच्या तुलनेत काही बाबतींत त्याचा फायदाही दिसला, परंतु अस्वस्थतेच्या एका प्रमाणित मोजमापात तिन्ही गटांत फरक आढळला नाही.

आता पडण्याविषयी, कारण म्हातारपणातल्या यंत्रांचा मोठा बाजार या एका भीतीवर उभा आहे. भीती रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी जगात ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात आणि त्यांत वृद्धांचे प्रमाण सर्वाधिक असते. त्यावर गळ्यात अडकवायचे, मदतीला बोलावणारे बटण बरीच वर्षे उपलब्ध आहे. केंब्रिजमधील नव्वदीपलीकडच्या लोकांचा पाठपुरावा करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की असे बटण जवळ असूनही एकटे असताना पडलेल्या आणि स्वतःहून उठू न शकलेल्या बहुतेकांनी ते दाबलेच नाही. त्यांतल्या काहींना आपले आपण उठायचे होते, काहींना कुणाला त्रास द्यायचा नव्हता, आणि बटण दाबले की ‘आता यांना एकटे ठेवता येणार नाही’ हा निकाल लागेल, हीही धास्ती असणार. यावर उद्योगाने शोधलेले उत्तर म्हणजे न दाबता वाजणारी घंटा, म्हणजे छतातला कॅमेरा, गालिच्याखालचा सेन्सर, मनगटावरचे घड्याळ. हे पडलेले माणूस लवकर सापडण्यासाठी उपयोगी आहे यात शंका नाही. पण ज्याने बटण दाबायचे नाकारले त्याला काहीतरी सांगायचे होते, आणि त्याला न विचारता बसवलेल्या कॅमेऱ्याने ते ऐकण्याची गरजच संपवली. पडल्यानंतर जमिनीवरून कसे उठायचे, हे शिकवता येते; कुशीवर वळायचे, कोपरावर रेटून हात-गुडघ्यांवर यायचे, भक्कम खुर्चीपर्यंत रांगत जायचे, धडधाकट पाय आधी रोवायचा. ज्या घरात पडल्याची सूचना देणारे यंत्र येते, त्या घरात हे शिकवणारा माणूस मात्र क्वचितच बोलावला जातो.

शिवाय यंत्रमानवांच्या गप्पांत साधी साधने मागे पडतात, याचा मला मनापासून राग येतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ सालच्या अहवालानुसार जगात २५० कोटींहून अधिक लोकांना चष्मा, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, वॉकर यांसारख्या किमान एका साधनाची गरज आहे आणि जवळपास १०० कोटींना ते मिळत नाही; काही गरीब देशांत गरजूंपैकी अवघ्या ३ टक्के लोकांपर्यंत ही साधने पोहोचतात. मिळालेले साधनही मापाचे असेल तर ना! वॉकरची मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीला हवी, कोपर किंचित वाकलेले हवे. पण दुकानातून आणलेला वॉकर आहे त्याच उंचीला वर्षानुवर्षे वापरला जातो आणि पाठीला आलेला बाक वयाच्या माथी मारला जातो. काठीच्या तळाचे रबर झिजून गुळगुळीत झालेले असते, ते बदलायचे असते हेच घरात कुणाला माहीत नसते.

गरजेपुरत्याच मदतीचे हे तत्त्व मी इतक्या हिरिरीने मांडत असले, तरी ते सर्वांना लागू पडत नाही. ज्या आजारात शक्ती परतायची नसते, दर महिन्याला थोडी ओसरतच जायची असते, तिथे मदत वाढतीच हवी आणि ‘प्रयत्न करा’ हा आग्रह तिथे निर्दयपणा ठरतो. स्टीफन हॉकिंग यांच्याकडे अखेरच्या काळात गालाच्या एका स्नायूची हालचाल उरली होती. चष्म्याला लावलेला सेन्सर ती टिपत असे आणि संगणक त्यातून शब्द निवडत असे. पुढच्या शब्दाचा अंदाज यंत्राने बांधून देणे त्यांना हवेच होते, कारण तिथे कष्ट वाचवणे म्हणजे बोलणे टिकवणे होते. अधिक नैसर्गिक आवाज उपलब्ध झाले तेव्हा मात्र त्यांनी आपला जुना यांत्रिक आवाज बदलू दिला नाही.

मदत वाढती हवी की घटती, हे आजारावर अवलंबून आहे, वयावर आहे, आणि पुष्कळदा त्या दिवसावर आहे. माझे वडील ताप असला की सरळ हात पुढे करून ‘आज उचल’ म्हणतात, आणि बरे वाटले की तोच हात झिडकारतात. अंग मोडून आलेल्या दिवशी पूर्ण उचलावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठीशी नुसते थांबावे, अशी सोय यंत्रात करणे अभियंत्यांना मुळीच अवघड नाही. पुनर्वसनाच्या यंत्रांत ती आहेच. फक्त घरासाठी यंत्र विकत घेणारा माणूस बहुधा ते वापरणारा नसतो, त्याचा मुलगा किंवा मुलगी असते, आणि त्यांना यंत्राकडून हवी असते ती स्वतःची निर्धास्त झोप.